ट्रकची चेसिस मागून 55 सेंटीमीटर वाढवली, त्याची हकीकत

गेल्या आठवड्यात आमच्या ट्रकच्या नोंदणीचा कागद हातात आला. लांबीच्या रकान्यात 8,570 मिलिमीटर असं छापलंय. ट्रक जर्मन लष्कराचा जुना, त्याच्या आधीच्या लष्करी माहितीपत्रकावर 8,020 होतं. मधल्या 550 मिलिमीटरपायी फेब्रुवारी 2018 पासून सप्टेंबर 2019 पर्यंत, म्हणजे तब्बल एकोणीस महिने आमची धावपळ झाली. सुरुवातीला मी माहिती शोधत होते तेव्हा वाढवलेल्या चेसिसचे, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याचे, फोटो ढिगाने सापडायचे. पण आधी कोणाकडे जायचं, कोणता कागद कधी लागतो, पैसे नेमके कुठे जातात, हे कोणीच सांगत नव्हतं. माझ्यासारखं दुसरं कोणी या वाटेला निघालं असेल तर त्याला थोडं कमी चाचपडावं लागावं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहतो. मुलगा चौदा वर्षांचा. तो चालू शकत नाही, त्याची इलेक्ट्रिक व्हीलचेअर एकट्याने 165 किलोची आहे. प्रवासाची त्याला भयंकर आवड. आम्ही दोनदा साडेतीन टनाची कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन पाहिली. दुसऱ्या वेळी निघण्याआधी काट्यावर वजन केलं तर व्हीलचेअर, त्याला उचलायचा होइस्ट, आम्ही तिघं आणि पाणी मिळून गाडी मर्यादेपेक्षा 210 किलो जड भरली. सामान उतरवत उतरवत शेवटी पाणीसुद्धा ओतून दिलं आणि कोरड्या टाकीने निघालो. त्या रात्री ठरवलं, जिथे किलोकिलोचा हिशोब करावा लागणार नाही अशी गाडी बघायची. हॉटेलांचे अरुंद दरवाजे आणि तथाकथित सोयीच्या बाथरूम यांचाही कंटाळा आलाच होता.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने जर्मन लष्कराच्या जुन्या ट्रकांबद्दल सांगितलं. मान कंपनीचा ‘कॅट 1’ हा ट्रक 1976 पासून लष्करात आला. कॅट म्हणजे कॅटेगोरी, पहिल्या श्रेणीची, रस्ता सोडूनही चालणारी गाडी. आम्ही घेतला तो 5 टन माल वाहणारा, चारही चाकं ओढणारा, 1978 चा. डॉइट्झचं व्ही-8 इंजिन, 256 अश्वशक्ती, हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटर नाहीच. इंजिन ड्रायव्हरच्या केबिनच्या मागे बसवलेलं. चालू झालं की शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं.

ट्रक घेण्याआधी आम्ही एक गोष्ट केली आणि तिने आमचे निदान तीन हजार युरो वाचवले असतील. फेब्रुवारीत ट्यूफच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या इथल्या संस्थेच्या, केंद्रात वेळ घेऊन तिथल्या अधिकृत तपासनिसाला भेटलो. हातात फक्त कागदावर काढलेलं चित्र होतं. चेसिसची लांबी बदलली की गाडीचा आधीचा परवाना संपतो आणि इथल्या वाहन नियमांच्या कलम 21 खाली संपूर्ण गाडी नव्याने तपासून घ्यावी लागते. ही तपासणी शेवटी जो माणूस करणार, त्याचं म्हणणं कापाकापी करण्याआधीच कळायला हवं. त्याने पाऊण तास दिला, एक पैसा घेतला नाही, आणि चार गोष्टी लिहून दिल्या: निर्मात्याचं मत, ताकदीचं गणित, प्रमाणपत्र असलेला वेल्डर, प्रत्येक एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आडव्या आसावर, येणारं वेगळं वजन. तो कागद मी फ्रिजवर लावला. दीड वर्ष तो तिथेच होता.

लष्कराने काढून टाकलेला माल फेबेग नावाची सरकारी कंपनी विकते. बोली बंद असते. एकच आकडा लिहायचा, दुसऱ्याने किती लिहिलं ते कळत नाही. ठरलेल्या दिवशी डेपोत जाऊन गाडी बघता येते. आम्ही मार्चमध्ये दोन ठिकाणी गेलो. कोणतीही हमी नसते, आहे त्या स्थितीत घ्यायची. आम्हाला इंजिनही चालू करून दाखवलं नव्हतं. जाताना टॉर्च, छोटा हातोडा, आरसा आणि जाड हातमोजे न्या. मी हातोडा नेला नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली, ते येईलच.

पहिली बोली हुकली. दुसरी 11 एप्रिलला लागली. करासह 18,700 युरो. तात्पुरती नंबरप्लेट घेऊन चालवत आणावी म्हटलं, तर त्यालाही चालू तपासणी लागते आणि या गाडीची ती संपलेली. शेवटी लो-बेड ट्रेलर बोलावला, 1,150 युरो. ट्रक एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे महिना 80 युरो भाड्याने उभा केला. जागा आधी ठरवा, मग बोली लावा. साडेआठ मीटरचं हे धूड कुठल्याही गल्लीत उभं करू देत नाहीत.

त्याच काळात मी सी श्रेणीचं, म्हणजे जड ट्रकचं, लायसन्स काढलं. डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला, सर्वसाधारण तब्येतीचा दाखला, प्रथमोपचाराचा कोर्स, लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष. सगळे मिळून 3,100 युरो आणि चार महिने. लायसन्स पाच वर्षांचंच मिळतं. परीक्षेत गाडी हलवण्याआधी एअर ब्रेकची तपासणी तोंडी सांगत सांगत करून दाखवावी लागते. दाब किती चढला, पेडल धरून ठेवल्यावर किती उतरला. पहिल्या वेळी माझे हात इतके थरथरत होते की परीक्षकाने खिडकी उघडून दोन मिनिटं थांबायला सांगितलं. जुलैच्या अखेरीस पास झाले.

आता मूळ गोष्ट. चेसिस वाढवायची कशासाठी?

ट्रकवर आम्ही राहण्यासाठी लष्कराचीच एक जुनी केबिन बसवणार होतो, सव्वाचार मीटर लांबीची. जमिनीपासून तिचा तळ जवळजवळ दीड मीटर उंच. मुलाला मागच्या दारातून आत घ्यायचं तर लिफ्ट हवी, आणि लिफ्टला केबिनच्या मागे, चेसिसला घट्ट धरून बसायला जागा हवी. ट्रकच्या मागे सामान चढवायची जी लिफ्ट असते ती जुनी हजार युरोत मिळत होती. आम्ही जवळजवळ घेतलीच होती. पण माल चढवायच्या लिफ्टचं मानक वेगळं आणि माणसं चढवायच्या लिफ्टचं वेगळं असतं: ईएन 1756 चा पहिला भाग मालाचा, दुसरा भाग माणसांचा. कठडे, कडेला उचलला जाणारा अडसर, वीज गेली तर हाताने खाली घ्यायचा पंप, हे सगळं दुसऱ्या भागात येतं. व्हीलचेअरसाठी तीच लागते. नवी 7,400 युरोला पडली. या एका खर्चात काटकसर करायची नाही हे आम्ही दोघांनीही न बोलता ठरवलं.

पहिल्या आराखड्यात आम्ही 80 सेंटीमीटर वाढ धरली होती. तो आराखडा मी अण्णांना पाठवला.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक बॉडी बांधणीच्या शॉपमध्ये. नुसती चेसिस यायची आणि बस होऊन बाहेर पडायची. त्यांनी चित्र मोठं करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मागच्या एक्सलच्या मागं किती लोंबतंय?”

मी मोजून सांगितलं. आत्ता 2.12 मीटर, वाढवल्यावर 2.92.

“आणि चाकाचाकात?”

साडेचार मीटर.

“मग साठ टक्क्याच्या वर चाललीस तू. आपल्याकडं पासिंगला उभी राहायची नाही ही गाडी.”

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, 1989 च्या, नियम 93 मध्ये हे आहे: मागे लोंबणारा भाग चाकांमधल्या अंतराच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त नको. साडेचारचे साठ टक्के 2.70 मीटर. मी म्हटलं, अण्णा, इथे जर्मनीत आपला नियम लागत नाही. ते म्हणाले, “नियम लागत नसंल, पण वजन तर लागतंय ना?” आणि त्यांनी मला फोनवरच तराजूचा हिशोब घालायला लावला.

तो हिशोब इथे देते, कारण याच्याशिवाय कोणी कटिंग व्हील हातात घेऊ नये. मागचा एक्सल हा तराजूचा टेकू समजा. आमची लिफ्ट ब्रॅकेटसह 380 किलो, एक्सलच्या मागे अडीच मीटरवर. 380 ला 2.5 ने गुणून 4.5 ने भागलं की 211. म्हणजे पुढचा एक्सल 211 किलोने हलका होतो आणि मागच्यावर 380 नाही, तर 591 किलो चढतात. लिफ्ट आणखी मागे गेली की दोन्ही आकडे वाढत जातात. पुढची चाकं हलकी झाली तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. यावर उपाय अण्णांनीच सुचवला: पाण्याची टाकी मागच्या कोपऱ्यातून काढून इंजिनच्या पाठीशी न्या. तीनशे लिटर पाणी पुढच्या एक्सलपासून 1.2 मीटरवर ठेवलं की त्यातलं 220 किलो पुढच्या एक्सलवर येतं. गेलेलं वजन परत आलं. पाणी संपत आलं की हा फायदाही कमी होतो, म्हणून टाकी रिकामी धरूनही हिशोब करायचा. तोही बसत होता.

आतलं कपाट अरुंद केलं, लिफ्टचं ब्रॅकेट बदलून घेतलं आणि वाढ 55 सेंटीमीटरवर आणली. लोंबता भाग 2.67 मीटर. इथल्या तपासनिसाने नंतर हा आकडा बघून मान डोलावली. त्याला साठ टक्क्यांबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्याची काळजी दुसरी होती: वळताना मागचं टोक बाहेर किती फेकलं जातं. बाहेरची त्रिज्या साडेबारा मीटर असलेल्या वर्तुळात गाडी वळायला हवी, आणि त्यात शिरताना गाडीचा कुठलाही भाग 80 सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर यायचा नाही.

ऑगस्टमध्ये निर्मात्या कंपनीला पत्र लिहिलं. सोबत चेसिस नंबर, आराखडा, फोटो. उत्तर यायला सात आठवडे लागले. परवानगी किंवा नकार असं काही नव्हतं, पण बॉडी बांधणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना पाळून, तज्ज्ञाच्या गणितासह केल्यास हरकत नाही, अशा अर्थाचं दीड पान होतं. ते दीड पान पुढे प्रत्येक टेबलावर मागितलं गेलं. त्याच्या रंगीत प्रती काढून ठेवा. ताकदीचं गणित एका निवृत्त इंजिनिअरकडून करून घेतलं, 1,850 युरो, तीन आठवडे.

या सगळ्यात नंबरप्लेटचाही एक पेच होता. तीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना इथे ‘एच’ अक्षराची प्लेट मिळते आणि मग शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात जाता येतं. चेसिस वाढवली, लिफ्ट लावली की मूळ रूप राहत नाही, त्यामुळे ती प्लेट विसरावी लागली. एच नाही आणि कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांना मिळतो तो हिरवा स्टिकरही नाही, तर मुलाच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी न्यायची कशी? मी दोन रात्री नियम वाचत बसले. ज्यांच्या अपंगत्वाच्या ओळखपत्रावर ‘आ-गे’, म्हणजे चालण्याची असाधारण अडचण, असा शेरा आहे, त्यांना नेणाऱ्या गाडीला स्टिकर लागत नाही. मुलाच्या कार्डावर तो शेरा आहे. पहाटे दोन वाजता मी नवऱ्याला उठवून हे सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये वर्कशॉप शोधायला लागलो. पहिल्याने सांगितलं, दोन दिवसांचं काम आहे: सरळ उभा काप घ्यायचा, तुकडा जोडायचा, वेल्डिंग मारायचं, 2,200 युरो. दर ऐकून मोह झाला होता. अण्णांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सरळ जोड कधी द्यायचा नाही. फाटला तर एका रेषेत फाटतो आणि मागचं सगळं खाली येतं. पोराची लिफ्ट लागणारे तिथं.” त्या वर्कशॉपला नाही म्हणून कळवलं.

दुसरं वर्कशॉप फायर ब्रिगेडच्या गाड्यांची कामं करणारं. तिथल्या मेस्त्रीकडे वेल्डरचं चालू प्रमाणपत्र होतं. आधी ते बघितलं, मग दर विचारला. अंदाज 6,500 युरो. तारीख मिळाली 21 जानेवारी 2019.

इथे कॅटच्या चेसिसबद्दल थोडं. नेहमीच्या ट्रकचे दोन लांब दांडे एका बाजूने उघडे असतात आणि खडबडीत रस्त्यावर चेसिस पिळवटते. त्यामुळे त्यावर घर बांधायचं तर मधे तीन किंवा चार बिंदूंवर डोलणारी फ्रेम घालावी लागते, नाहीतर भिंती तडकतात. कॅटची चेसिस पेटीसारखी बंद आणि ताठ आहे. पिळायचं काम स्प्रिंगवर सोपवलेलं, त्याही पाट्याच्या नाहीत, गुंडाळीच्या. म्हणून केबिन सरळ बोल्टने बसवता येते. तुमचा ट्रक नेहमीच्या चेसिसचा असेल तर माझ्या या लेखातला केबिनचा भाग तुम्हाला लागू नाही, हे लक्षात घ्या.

बंद पेटीचा एक तोटा आहे. आत काय चाललंय ते दिसत नाही. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी सकाळी मी व्हिडिओ कॉल लावला होता. अण्णा म्हणाले, “हातोडा घे आणि मागून पुढं ठोकत ये. फोन जवळ धर.” उजवा दांडा ठोकला, ठण्ण, ठण्ण, स्वच्छ आवाज. डावा ठोकला. मागच्या क्रॉस मेंबरपासून, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या आडव्या तुकड्यापासून, वीतभर पुढे आवाज बदलला. ठप्प. मला वाटलं माझा हात नीट लागला नाही. पुन्हा ठोकला, पुन्हा ठप्प. साडेसहा हजार किलोमीटरवरून अण्णा म्हणाले, “थांब. तिथं माती धरलीय आत.” मेस्त्रीला मराठीचा गंध नाही, पण त्याने त्यांचा चेहरा बघितला आणि एंडोस्कोप आणायला गेला. कॅमेरा आत सरकवल्यावर पडद्यावर चिखलाचा वाळलेला थर दिसला, आणि त्याच्याखाली गंजाचे पापुद्रे. खालचा पत्रा जिथे शाबूत होता त्याच्या निम्म्या जाडीवर आला होता. डेपोत हातोडा नेला असता तर हे तेव्हाच कळलं असतं.

काम नऊ दिवसांवरून पाच आठवड्यांवर गेलं. खर्च 9,200 युरोवर पोचला. इंजिनिअरला नवा भाग धरून गणित पुन्हा करावं लागलं, त्याचे 400 वेगळे. त्या आठवड्यात मी खूप रडले. मुलाला काही सांगितलं नव्हतं, तरी त्याने विचारलंच, “ट्रक आजारी आहे का?” मी हो म्हटलं. “बरा होईल?” त्यालाही हो म्हटलं, आणि मग माघार घेणं शक्यच नव्हतं.

प्रत्यक्ष जोड असा केला. गंजलेला भाग चांगल्या पोलादापर्यंत मागे कापला, काप तिरका ठेवला. आत घट्ट बसणारी अर्धा मीटर लांबीची स्लीव्ह घातली, निम्मी जुन्या दांड्यात, निम्मी नव्यात. बाहेरून उभ्या बाजूंना पट्ट्या, टोकं निमुळती केलेली. चौकोनी पट्टी जिथे संपते तिथेच ताण एकदम उडी मारतो आणि चीर तिथून सुरू होते. बोल्टची भोकं फक्त उभ्या बाजूंत, वरच्या-खालच्या पत्र्याला एकही भोक नाही, कारण लोंबत्या भागात वरचा पत्रा सतत ताणलेला असतो. बॅटऱ्या सोडल्या, ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि डिझेलची टाकी काढून बाजूला ठेवली.

पूर्ण वेल्डिंगआधी नुसते छोटे टाके मारून तुकडे धरले आणि मापं घेतली. लेझर होता, पण मेस्त्रीने ओळंबा काढला. दांड्यांच्या ठरलेल्या बिंदूंवरून ओळंबे खाली सोडले, जमिनीवर खडूने फुल्या मारल्या आणि ट्रकखाली सरपटत कर्ण मोजले. अण्णा स्क्रीनवरून बघत होते. डावा कर्ण उजव्यापेक्षा 3 मिलिमीटर जास्त. मेस्त्री म्हणाला चालेल. मग त्याने स्वतःच मान हलवली, एक टाका ग्राइंडरने तोडला, जॅकने केसभर ढकललं आणि पुन्हा मोजलं. 1 मिलिमीटर. अण्णांनी तिकडून हात उंचावला, याने इकडून.

जोडाची जागा आधी गरम केली, वेल्डिंग रॉड ओव्हनमधून एकेक काढून वापरले, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं करत गेले म्हणजे दांडा ओढला जात नाही. शेवटी वर जाड चादर टाकून हळूहळू थंड होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी चुंबकीय कणांनी जोडाची तपासणी झाली. डाव्या बाजूला कोपऱ्यात 12 मिलिमीटरची केसासारखी रेघ निघाली. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. घासून काढली, पुन्हा भरली, पुन्हा तपासली. या तपासणीला 240 युरो लागले. ती वगळायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. मग प्रायमर, रंग आणि आतल्या पोकळीत गरम मेणाचा फवारा, खाली पाणी निघायला भोकं मोकळी ठेवून. कामाचे रोजचे फोटो, पोलादाची प्रमाणपत्रं आणि वेल्डरच्या प्रमाणपत्राची प्रत एका फाइलमध्ये लावली.

मार्च ते जून केबिन आणि लिफ्ट बसवण्यात गेले. त्यावर वेगळं लिहीन. जूनच्या शेवटी शेतकी सोसायटीच्या काट्यावर, 15 युरो देऊन, आधी पूर्ण गाडी आणि मग एकेक एक्सल तोलला. पुढे 5,960, मागे 6,480. गणितात आणि काट्यात 70 किलोंचा फरक आला.

4 जुलैला कलम 21 ची तपासणी. ट्यूफच्या आवारात खडूने वर्तुळ आखलं होतं. नवरा गाडी चालवू शकत नाही, म्हणून मीच चालवत होते. मागचं टोक 34 सेंटीमीटर बाहेर आलं, 80 पर्यंत चालतं. वेल्डिंगची फाइल तपासनिसाने पानन् पान बघितली. तरीही आम्ही नापास झालो, दोन गोष्टींवर. बाजूला जे पिवळे रिफ्लेक्टर असतात त्यातला शेवटचा मागच्या टोकापासून एक मीटरच्या आत हवा. चेसिस वाढली, रिफ्लेक्टर जुन्याच जागी राहिला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सहा युरोचा रिफ्लेक्टर. दुसरी गोष्ट मोठी होती: मागचं टोक एक्सलपासून मीटरपेक्षा लांब आणि जमिनीपासून 55 सेंटीमीटरपेक्षा उंच असेल तर मागून येणारी कार खाली घुसू नये म्हणून आडवा दांडा लागतो. आमचा दांडा लिफ्टच्या वाटेत येत होता म्हणून आम्ही तो मधे तोडला होता. घडी होणारा बनवून घ्यायला सहा आठवडे आणि 890 युरो लागले.

27 ऑगस्टला दुसऱ्यांदा गेलो. दोन्ही वेळचे मिळून 640 युरो. तपासनिसाने लिफ्टवर स्वतः उभं राहून वर-खाली केलं आणि सही केली. मग वाहन नोंदणी कार्यालय. मूळ विक्रीचा कागद, तपासणी अहवाल, विम्याचा नंबर, ओळखपत्र. खिडकीवरच्या बाईंनी गाडीचा प्रकार बघून वरिष्ठांना बोलावलं, चाळीस मिनिटं थांबवलं, पण नीट वागल्या. 5 सप्टेंबरला प्लेटवर शिक्का बसला. मोटारहोम म्हणून नोंद झाली. साडेसात टनांवर असल्यामुळे महामार्गावरही ताशी 80 किलोमीटरचीच मर्यादा, आणि तपासणी दर वर्षी.

मुलगा त्या संध्याकाळी पहिल्यांदा लिफ्टवर चढला. वर जाताना त्याने बटण स्वतः दाबलं. दारापाशी थांबून म्हणाला, पुन्हा खाली जायचंय. आठ वेळा वर-खाली केलं.

बोल्टवर आणि चेसिसवर मिळून पिवळ्या रंगाची एकेक रेघ मारून ठेवलीय. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर बघितलं, सगळ्या सलग आहेत. हजार झाले की टॉर्क रेंच घेऊन पुन्हा खाली जाणार आहे. अण्णांचा व्हिसा ऑक्टोबरचा आहे. येताना स्वतःचा दापोडीचा हातोडा आणतो म्हणालेत. सामानाच्या बॅगेत टाका, विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत, एवढं मी त्यांना दोनदा सांगितलंय.